पाणी गारच राहिलं, तरी ब्लॉक चालतोय

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या मामांच्या मिलिंग मशिनवर मी माझा तांब्याचा वॉटर ब्लॉक (कॉम्प्युटरच्या तापलेल्या प्रोसेसरवर बसवायचा, आतून पाणी फिरणारा ठोकळा) करून घेतला, त्यांना तो चालू करून दाखवायला गेलो होतो. बादली, कूलरचा पंप, दोन नळ्या, मधे ब्लॉक आणि ब्लॉकखाली तापलेला हीटर. मामांनी परत येणाऱ्या धारेखाली बोट धरलं, जरा थांबले आणि म्हणाले, "गारच हाय की रं. तुजं हे काम करंना झालंय."

मामांचं काही चुकलं नव्हतं. ज्यांची हयात ऑइल इंजिनांत गेली, त्यांना 'पाण्यावर थंड होणारं' म्हटलं की विहिरीवरचं इंजिन आठवतं. पंपाच्याच पाण्यातली एक बारीक धार इंजिनाभोवतीच्या जॅकेटमधून फिरवलेली आणि दुसऱ्या टोकाला निघणारं कढत पाणी. थंडीत त्याच पाण्यानं हातपाय धुवायचे. पाणी गरम आलं म्हणजे त्यानं उष्णता आणली. गार आलं म्हणजे आणली नाही, असं वाटणारच. मलाही तसंच वाटायचं आणि त्यापायी माझा पहिला ब्लॉक वाया गेला. तो किस्सा पुढं येईल. आधी हे बघू की कॉम्प्युटरमध्ये एवढं तापतं तरी काय.

इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा साधा, मधल्या किमतीचा प्रोसेसर घ्या. कंपनी त्याला ६५ वॅटचा म्हणते, पण पूर्ण जोर लावला की तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ११७ वॅट म्हणजे फार नाही, जुन्या पिवळ्या बल्बएवढे. घोळ आहे तो जागेचा. ही सगळी उष्णता प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखालच्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या चिपमधून, दीड-दोन चौरस सेंटिमीटरमधून बाहेर पडते. घरातली १००० वॅटची इस्त्री तिचा सगळा तवा धरून हिशोब केला तर एका चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॅट देते. प्रोसेसर त्याच्या दहापट दाट तापतो, आणि तरी आपल्याला तो १०० अंशांच्या बराच खाली ठेवायचा असतो, कारण त्याच्या आसपास गेला की तो स्वतःच वेग कमी करतो.

ही उष्णता पंख्याची हवाही नेते. पण एक लिटर पाणी एका अंशानं तापायला सुमारे ४१८० जूल घेतं, आणि एक लिटर हवा जेमतेम सव्वा जूल. साडेतीन हजारपटींचा हा फरक. त्यामुळं थोडंसं पाणी फिरवूनही भरपूर उष्णता लांब नेता येते आणि मोठ्या रेडिएटरवर निवांत हवेत सोडता येते. वॉटर ब्लॉक म्हणजे या साखळीतला पहिला कंत्राटदार: चिपकडून घ्यायचं आणि पाण्याला द्यायचं, एवढंच त्याचं काम. थंड करणं हे रेडिएटरचं काम. आणि रेडिएटर कितीही मोठा लावला तरी पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होत नाही. एप्रिलमध्ये खोली ३७ अंशांवर असेल तर पाणी ३७ च्या वरच राहणार.

आता मामांचं बोट. माझा हीटर १५० वॅटचा, आणि पाणी मिनिटाला तीन लिटर, म्हणजे सेकंदाला ५० ग्रॅम. ५० ग्रॅम पाणी एका अंशानं तापायला २०९ जूल लागतात, आणि सेकंदाला येतात १५० जूल. भागाकार केला की ०.७. पाणी ब्लॉकमध्ये शिरताना ३० अंश असेल तर बाहेर पडताना ३०.७. सगळीच्या सगळी उष्णता पाण्यात गेली, तरी बोटाला काय कळणार? मी नळी चिमटीत दाबून पाणी दहापट कमी केलं, तेव्हा धार सात अंशांनी गरम यायला लागली आणि मामा खूश झाले. पण त्याच वेळी हीटरचा आकडाही वर चढत होता. 'पाणी हळू सोडलं की त्याला उष्णता घ्यायला वेळ मिळतो' हा समज इथूनच निघतो. वेळ मिळतो हे खरं. पण एक लिटर रमतगमत गेलं तेवढ्यात दहा लिटर गेले असते, हे त्यात मोजलेलंच नसतं.

पाण्याच्या पोटात जर पाऊण अंशसुद्धा खर्च होत नाही, तर बाकीचे अंश जातात कुठं? घरखर्चाची वही मांडतो तसा हा हिशोब मांडला की डिझाइनचे निम्मे वाद मिटतात.

अंशांची वही

उष्णता १५० वॅट धरू, आणि प्रोसेसरचं झाकण ३ सेंटिमीटर बाय ३ सेंटिमीटर, म्हणजे ९ चौरस सेंटिमीटर.

पहिला खर्च थर्मल पेस्टचा. पेस्ट म्हणजे दोन धातूंमधली हवा हाकलायला भरलेलं लिंपण. स्वतः ती तांब्याच्या तुलनेत अगदी सुमार वाहक असते, शंभरावा हिस्सासुद्धा मुश्किलीनं. थर ०.०५ मिलिमीटरचा असेल तर ठीकठाक पेस्टमध्ये पावणेदोन अंश जातात. ०.१ मिलिमीटर झाला की त्याच्या दुप्पट. पुड्यावरची महागडी नावं बघण्यापेक्षा तळ सपाट करणं जास्त फायद्याचं, ते यामुळं.

दुसरा खर्च तळाच्या धातूचा. ३ मिलिमीटर जाड तांब्यातून जाताना फक्त सव्वा-दीड अंश. तोच तळ ॲल्युमिनिअमचा केला तर अडीच. पितळेचा केला तर चार-सव्वाचार. स्टेनलेस स्टीलचा केला तर तब्बल तेहतीस! स्टीलच्या डब्याचा ब्लॉक करायची आयडिया कुणाच्या डोक्यात असेल तर इथंच थांबावं. ॲल्युमिनिअमचा आकडा मात्र बघण्यासारखा आहे. तांब्यापेक्षा जेमतेम एक अंश वाईट, स्वस्त, आणि कापायला मऊसूत. तरीही ते वापरू नये, आणि कारण उष्णतेचं नाही. रेडिएटर बहुतेक तांब्या-पितळेचे असतात. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनिअम आलं की त्यांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनिअम हळूहळू खाल्लं जातं. काही महिन्यांत पाण्यात पांढरा गाळ दिसायला लागतो.

तिसरा खर्च खरा मोठा: धातूकडून पाण्याकडं जाताना. बादलीत कढत पाणी घेऊन पाय सोडून बसा. पाय स्थिर ठेवला तर सोसतं. जरा हलवला की चटका बसतो. पाणी तेच, पाय तोच. स्थिर पायाला चिकटून पाण्याचा एक पातळ थर निवत असतो आणि तोच पांघरुणासारखा आड येतो. हलवलं की तो पुसला जातो. धातूच्या भिंतीलाही पाण्याचा असाच थर चिकटतो. पाणी स्वतः उष्णतेचं भिकार वाहक, तांब्याच्या सहाशेव्या हिश्शाचं. नेण्यात शूर, पण अंगातून जाऊ देण्यात कंजूष. त्यामुळं तो थर जेवढा जाड तेवढे अंश तिथं गळतात.

समजा एक चौरस सेंटिमीटर भिंत दर अंशाला पाव वॅट पाण्याला देते (माझ्यासारख्या घरगुती ब्लॉकला हा अंदाज बरा लागू पडतो). ३६ बाय ३६ मिलिमीटरचा सपाट तळ म्हणजे १३ चौरस सेंटिमीटर. १५० वॅट द्यायला त्याला पाण्यापेक्षा ४६ अंश वर जावं लागेल. आता त्याच तळात १ मिलिमीटर रुंद, ४ मिलिमीटर खोल खाचा पाडा, मधे १ मिलिमीटरची पाती सोडा. अठरा खाचा बसतात. दोन्ही भिंती आणि तळ धरून पाण्याला लागणारी जागा होते ५८ चौरस सेंटिमीटर, आणि ४६ चे होतात साधारण १०. प्रत्यक्षात उष्णता मधूनच जास्त येते, कडेच्या पात्यांपर्यंत कमी पोचते, म्हणून एक-दोन अंश आणखी जोडा. पण वही काय सांगते ते स्पष्ट आहे: धातूत दीड, पेस्टमध्ये पावणेदोन, पाण्याच्या तापण्यात पाऊण, आणि भिंतीवरच्या त्या थरात दहा. काम करायचं तर त्या दहावर.

माझा पहिला ब्लॉक याच वहीत नापास झाला. जाड तांब्याची पट्टी, तळ सपाट, वर मोठी डबी आणि आत कपभर पाणी. पाणी जास्त म्हणजे गारवा जास्त, असा माझा शहाणपणा. पाणी एका तोंडानं शिरायचं, डबीत आळसावून फिरायचं आणि दुसऱ्या तोंडानं निघून जायचं. पंख्याचा जुना कूलर त्यापेक्षा बरा होता.

खाचा अरुंद केल्या की दुहेरी फायदा होतो: जागा वाढते, आणि चिकटून बसणारा थरही बारीकच राहतो, कारण खाचेत त्याला पसरायला जागाच नसते. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीज यांनी सिलिकॉनमध्येच ५० मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे केसापेक्षा बारीक, खाचा कोरून एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट काढून दाखवले होते. आज बाजारातल्या चांगल्या ब्लॉकमध्ये खाचा ०.३ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात. घरगुती कामात तिथवर जायचा हट्ट धरू नये. बारीक खाच पाण्याला अडवते, पंपाचा दम जातो, आणि पाण्यातला कचरा पहिल्यांदा तिथंच अडकतो.

मशिनवर काय होतं

तांबं इलेक्ट्रिक पॅनेलच्या बसबारचं (आतल्या वीज वाहणाऱ्या जाड पट्टीचं) घ्यावं. शुद्ध असतं, आणि पॅनेलवाल्यांकडं तुकडे पडलेले असतात. १० मिलिमीटर जाड, ५० बाय ५० चा तुकडा पुरे. भंगारातलं 'तांबं' कधी मिश्रधातू निघतं, आणि मिश्रधातूत वाहकता झपाट्यानं पडते.

तांबं कापायला सोपं वाटतं, पण ते चिकट. कटरला लोळागोळा होऊन बसतं. कोल्हापूरचे मिस्त्री बिडात आणि पोलादात वाघ. तांबं त्यांच्यासमोर रोज येत नाही. मामांनी पहिल्या खाचेला नेहमीच्या बेतानं कट लावला आणि १ मिलिमीटरचा स्लिटिंग सॉ (खाचा पाडायची पातळ गोल करवत) जाम होऊन एक पातं आडवं झालं. मग धारदार नवा सॉ, भरपूर कूलंट आणि ४ मिलिमीटरची खोली एका दमात न घेता तीन-चार पासात, असं केल्यावर जमलं. ते वाकडं पातं आजही ब्लॉकमध्ये आहे. खाचा झाल्यावर बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) काढणं कंटाळवाणं, पण टाळू नये. सुटलेली तांब्याची एक कुसळ पुढं जाऊन पंपात बसते.

पाणी कुठून शिरवायचं? एका कडेनं शिरून दुसऱ्या कडेनं निघालं तर मधल्या तापलेल्या भागापर्यंत येईतो त्याचा जोर ओसरतो. म्हणून पाणी बरोबर मधे, चिपच्या डोक्यावर, एका अरुंद फटीतून खाली आपटवायचं आणि तिथून खाचांतून दोन्हीकडं पांगवायचं. आपटणारी धार भिंतीवरचा थर फाडते. मी त्यासाठी पात्यांच्या डोक्यावर २ मिलिमीटरच्या ॲक्रिलिकची पट्टी बसवली, मधे ३ मिलिमीटरची फट ठेवली. पट्टी आणि पाती यांत जागा राहिली तर पाणी खाचांत न उतरता वरून पळतं. पाणी कष्ट टाळण्यात माणसापेक्षा हुशार.

वरचं झाकण १२ मिलिमीटर ॲक्रिलिकचं. नळीच्या फिटिंगला पाव इंची बीएसपी (पाइपांच्या ब्रिटिश मापाचे) आटे लागतात. परदेशातून येणारी कॉम्प्युटरची फिटिंगं त्याच आट्यांची असतात आणि ते आटे पाडायचा टॅप इथल्या कुठल्याही हायड्रॉलिकवाल्याकडं असतो, ही एक मजाच. फिटिंग हातानंच आवळायचं. पाना लावला की ॲक्रिलिकला तडा. ॲक्रिलिक स्पिरिटनं किंवा अल्कोहोलनं पुसू नये, त्यानंही ताणाखाली तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं.

ओ-रिंगसाठी, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यासाठी, २ मिलिमीटरची नायट्राइल रबराची दोरी आणि दीड मिलिमीटर खोल खोबण. म्हणजे दोरी पाव हिश्शानं दबते. कमी दबली तर पाझरते, जास्त दबली तर झाकण मधून फुगतं.

तळ सपाट करायला जाड काच, तिच्यावर पाणी टाकून चिकटवलेला पॉलिश पेपर, ४०० पासून १००० नंबरपर्यंत. आठचा आकडा काढत घासायचं, बोटांचा दाब मधोमध ठेवून. सपाट झालं का, हे डोळ्यांना कळत नाही. सरफेस प्लेटला (अगदी सपाट घासलेल्या पाटाला) मार्किंग ब्लू हा निळा रंग लावून तळ त्यावर टेकवायचा आणि रंग कुठं लागतो ते बघायचं. आरशासारखी चकाकी आली म्हणजे सपाट झालं, असं नसतं. हाताच्या घासण्यानं कडा गोल होतात आणि चकाकी ते लपवते. चकाकी लग्नातल्या भांड्यांना असू द्यावी.

गळतीची चाचणी पंक्चरवाल्याकडून शिकलो. एक तोंड बंद, दुसऱ्याला सायकलचा पंप, बेतानं हवा भरून ब्लॉक बादलीत बुडवायचा. बुडबुडा दिसला की जागा सापडली. त्यानंतर पाणी भरून एक अख्खा दिवस टिश्यू पेपरवर, कॉम्प्युटरपासून लांब.

मोजायचं कसं

ब्लॉक थेट प्रोसेसरवर बसवून 'बघा, ५८ अंश आले' असं सांगणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो: खोलीत किती होते? जानेवारीत खोली २४ अंशांवर आणि एप्रिलमध्ये ३७. ब्लॉक तोच असला तरी आकडा तेरानं फिरणार. मोजायचा तो फरक: तापणाऱ्या वस्तूचं तापमान वजा ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या पाण्याचं तापमान, आणि त्याला भागिले वॅट. माझ्या वहीतल्या हिशोबानं १४ अंशांना १५० नं भागलं तर येतं ०.०९ अंश प्रतिवॅट. हा आकडा ऋतूवर, रेडिएटरवर, खोलीवर अवलंबून नाही. ब्लॉकची कुंडली म्हणावी असा तो.

वॅट नक्की कळावेत म्हणून चाचणीला प्रोसेसर न घेता खोटा प्रोसेसर करावा. अर्धा किलोचा तांब्याचा ठोकळा, त्यात भोक पाडून साच्यांमध्ये वापरतात तो कांडीसारखा कार्ट्रिज हीटर, आणि वरच्या पृष्ठभागाखाली २ मिलिमीटरवर सेन्सरचं भोक. बाहेरून ग्लासवूल. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर) हीटर लावायचा, व्होल्ट आणि अँपिअर मोजून गुणायचे. घरच्या विजेवर हे करताना अर्थिंग आणि ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवंच. शेजारी पाण्याची बादली आहे. पाणी बंद असताना हीटर सुरू ठेवू नये. अर्धा किलो तांबं १५० वॅटवर ३० वरून ११० अंशांवर जायला दोन मिनिटंही घेत नाही, आणि वर ॲक्रिलिक आहे.

काही जण पाण्याच्या येण्याजाण्यातल्या तापमानावरून वॅट काढतात. फरक ०.७ अंशांचा आणि आपला नेहमीचा डीएस१८बी२० सेन्सर अर्धा अंश इकडंतिकडं चालणारा. रुपयाचं वजन करायला साखर कारखान्याचा वजनकाटा वापरण्यातला प्रकार. सेन्सर आधी एकाच बादलीत सगळे एकत्र बांधून ठेवावेत आणि त्यांच्यातला फरक लिहून ठेवावा. पुढं तो वजा करायचा. बर्फाच्या पाण्यात शून्य तपासता येतं. उकळत्या पाण्यात तपासणार असाल तर एक लक्षात ठेवा: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथं पाणी ९८ अंशांना उकळतं. मी सेन्सर खराब म्हणून परत द्यायला निघालो होतो.

रेडिएटर नसला तरी चाचणी होते. १५ लिटरची बादली १५० वॅटवर सात मिनिटांना एक अंश तापते. पाणी सावकाश वर सरकत असलं तरी हरकत नाही, आपण फरक मोजतोय. दहा-पंधरा मिनिटं थांबून फरक स्थिर झाला की आकडा लिहायचा. पाण्याचा वेग पंपाच्या खोक्यावरून घेऊ नये. तो आकडा नळी, ब्लॉक, उंची काहीच नसतानाचा असतो. लिटरचं माप आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. वेग मिनिटाला एक, दोन, तीन लिटर असा बदलून बघितला तर एकवरून दोनवर मोठा फायदा दिसतो, दोनवरून तीनवर थोडा, आणि पुढं पंपाचाच आवाज वाढतो.

बादलीत बर्फ टाकायचा मोह होतो. चाचणीत त्यानं नवं काही कळत नाही, आणि खऱ्या कॉम्प्युटरवर तो घातच. पावसाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसाच ब्लॉकला येतो, आणि तो मदरबोर्डवर टपकतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एकाच ब्लॉकनं. तोच ब्लॉक काढला, पुसला, नवी पेस्ट लावून परत बसवला, असं पाच वेळा केलं. दर वेळी आकडा वेगळा. ब्लॉकमध्ये काहीही बदललं नव्हतं. पेस्टचा थर आणि स्क्रूचा दाब बदलत होता. दोन डिझाइनमधला फरक या बसवण्यातल्या फरकापेक्षा मोठा असेल तरच तो डिझाइनचा धरावा, नाहीतर आपण पेस्ट मोजतोय. त्यावरचा उतारा साधा: स्क्रूखाली स्प्रिंग, तिरपे-तिरपे आवळणं, आणि प्रत्येकाचे फेरे मोजणं. एकाच बाजूनं आवळलं की ब्लॉक कलतो आणि पेस्टची पाचर होते.

खऱ्या प्रोसेसरवर बसवताना भोकांचं माप बोर्डावरून घ्या. प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटवर ते ठरतं: इंटेलच्या जुन्या एलजीए ११५० घराण्याला ७५ मिलिमीटरचा चौरस, एलजीए १७०० ला ७८, एएमडीच्या एएम४ ला ५४ बाय ९० चा आयत. पट्टी करताना लांबट खाच पाडली तर पहिले दोन्ही एकाच पट्टीत बसतात. आणि तिथं दिसणारा आकडा खोट्या प्रोसेसरपेक्षा बराच जास्त येतो, त्याला घाबरू नये. तिथला सेन्सर चिपच्या आत आहे. चिप, तिच्यावरचं लिंपण आणि झाकण यांतले अंश आपल्या वहीत येत नाहीत, आणि कुठल्याही ब्लॉकनं ते वाचत नाहीत.

पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड, गंज रोखणारं कूलंट बेतानं मिसळून. लहान मुलं आणि मांजर त्याच्यापासून लांब; ते विषारी असतं. बोअरचं पाणी घातलं तर क्षारांचा थर खाचांत बसतो, आणि वहीतले दहा अंश वाढायला लागतात. मी ब्लॉक वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत उघडतो. काळवंडलेला असतो. तांब्याचा हंडा घासतात तसा चिंचेच्या कोळात थोडा वेळ ठेवला की लख्ख होतो. भांड्यांची पावडर वापरू नये, तिचे कण खाचांत अडकतात. जुना मऊ टूथब्रश, दोनदा डिस्टिल्ड पाण्यानं विसळणं, आणि नवी ओ-रिंग. जुनी दोरी एकदा दबली की पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, मीटरभर घेऊन ठेवावी.